बंद खोलीचा दावा कितीला पडतो?

गिरगाव-दादरच्या चाळी, ठाण्याचं गावठाण, पुण्याच्या पेठा, नाशिकचा जुना भाग. जुन्या भाडेकरूंच्या इमारतींत एखादं तरी दार असं असतं, की कुलूप गंजलंय पण भाडं मात्र महिन्याच्या महिन्याला येतंय. भाडेकरू डोंबिवलीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये, नाहीतर मुलाकडे बेंगळुरूला. त्याने खोली का सोडावी? मुंबईत उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास झाला, तर त्या दहा बाय बाराच्या बदल्यात किमान ३०० चौरस फुटांची जागा मिळते. कुलूप हीच त्याची गुंतवणूक. इकडे घरमालकाच्या हातात महिना दीडशे-दोनशे रुपये पडतात आणि इमारतीची दुरुस्ती त्याच्याच गळ्यात असते.

मग मालक विचारतो, ‘राहतच नाही, तर काढता येईल का? आणि खर्च किती?’ काढता येतं. खर्चाचं म्हणाल, तर कोर्टाची फी हा त्यातला सगळ्यात किरकोळ भाग. पैसे जातात ते पुरावा उभा करण्यात आणि वर्षं काढण्यात. म्हणून वकिलाकडे जाण्याआधीच हिशेब करायचा असतो.

कायदा काय मागतो

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम १६(१) मधल्या खंड (एन) नुसार, दावा दाखल करण्याच्या लगतपूर्वी सलग सहा महिने जागा ज्या कारणासाठी दिली त्यासाठी वापरली गेली नसेल, आणि त्याला वाजवी कारण नसेल, तर मालकाला ताबा मिळू शकतो. १९४७ च्या जुन्या मुंबई भाडे कायद्यातही हीच तरतूद कलम १३(१)(के) मध्ये होती.

या एका वाक्यात तीन अटी आहेत आणि दावे पडतात ते बहुधा पहिल्या अटीवर. सहा महिने ‘लगतपूर्वी’ आणि ‘सलग’ हवेत. तीन वर्षांपूर्वी खोली दीड वर्ष बंद होती, मग भाडेकरूची सून बाळंतपणासाठी चार महिने येऊन राहिली आणि पुन्हा कुलूप लागलं, तर मोजणी सून गेली त्या दिवसापासून नव्याने सुरू. दाव्याच्या अर्जात ‘बऱ्याच वर्षांपासून राहत नाहीत’ एवढंच लिहिलं आणि दाव्याच्या तारखेआधीच्या सहा महिन्यांचा स्पष्ट उल्लेख केला नाही, तर समोरचा वकील तिथेच बोट ठेवतो. मसुदा हाती आला की ते वाक्य स्वतः शोधा. नसेल तर सही करू नका.

भाडं वेळेवर येतंय म्हणून हा दावा अडत नाही. थकबाकीच्या दाव्यात कलम १५ नुसार भाडेकरूला नव्वद दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि समन्स मिळाल्यावर नव्वद दिवसांत पंधरा टक्के व्याजासह थकबाकी भरून तो सुटू शकतो. न वापरण्याच्या दाव्यात अशी सुटका नाही. दुसरा फायदा त्याहून मोठा. मालकाने ‘मला स्वतःला जागा हवी’ असा दावा केला, तर कोर्टाला दोघांपैकी कोणाची अडचण जास्त हे तोलावं लागतं. इथे ती तुलना नाही. पुरावा पक्का असेल तर हा दावा त्या मानाने सरळ.

एक जुना गैरसमज मात्र अजून चालू आहे. ‘त्याने कल्याणला फ्लॅट घेतला, आता खोली सोडावीच लागेल.’ १९४७ च्या कायद्यात दुसरीकडे योग्य घर मिळवलं हे स्वतंत्र कारण होतं. १९९९ च्या कायद्यात ते उरलेलं नाही. फ्लॅटची कागदपत्रं आज भाडेकरू प्रत्यक्षात कुठे राहतो हे दाखवायला उपयोगी पडतात, एवढंच.

नोटीस: पाठवायची की नाही

वकिलाच्या नोटिशीला दोन-पाच हजार रुपये सहज जातात. ती कायद्याने लागते का? भाडे कायद्याखालच्या ताब्याच्या दाव्याआधी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ ची नोटीस आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने १९७९ मध्ये धनपाल चेट्टियार खटल्यात सांगितलं. तरीही सवयीने नोटीस जाते, आणि न वापरण्याच्या दाव्यात ही सवय महाग पडू शकते.

नोटीस म्हणजे भाडेकरूला इशारा. तो पुढच्याच आठवड्यात येतो, कुलूप काढतो, जाळी-जळमटं झाडतो, गॅस सिलिंडर मागवतो, भाच्याला आणून बसवतो. सहा महिन्यांची सलगता तुटली असं म्हणायला त्याला जागा मिळते. माझं मत स्पष्ट आहे: एवढंच कारण असेल तर आधी पुरावा गोळा करा, मग थेट दावा लावा. थकबाकीही असेल तर नोटीस टाळता येत नाही. मग नोटीस जाण्याआधीचा पुरावा दुपटीने भक्कम हवा.

पुराव्याचा हिशेब

न वापरल्याचं प्राथमिक ओझं मालकावर असतं. ते त्याने पेललं की का वापरली नाही हे भाडेकरूने सांगायचं, कारण ते त्यालाच ठाऊक असतं.

सगळ्यात बोलका कागद विजेचं बिल. मागची रीडिंग आणि चालू रीडिंग सारखी, वापर शून्य किंवा दोन-तीन युनिट, असं आठ-दहा महिने सलग दिसलं तर त्याला उत्तर देणं अवघड जातं. पण मीटर खोलीच्या आत असेल आणि दार बंद असेल, तर रीडिंग घेणारा तशी नोंद करतो आणि बिल सरासरीने निघतं. अशा बिलावर साठ-सत्तर युनिट छापलेले असतात आणि भाडेकरू तेच ‘वापर’ म्हणून कोर्टापुढे ठेवतो. म्हणून वापराच्या आकड्याबरोबर मीटरची स्थिती आणि रीडिंगचा रकाना बघायचा. बिल भाडेकरूच्या नावावर असल्याने ते तुम्हाला सहज मिळणार नाही आणि त्याच्या टपालातून काढून घेणं तर नकोच. रीतसर मार्ग म्हणजे साक्षीदार समन्स. बेस्ट, महावितरण, अदानी, टाटा, जिची वीज असेल तिच्या अधिकाऱ्याला वापराच्या नोंदी घेऊन कोर्टात बोलवायचं. त्याचा भत्ता तुम्हाला भरावा लागतो. रक्कम मोठी नसते, पण एक-दोन तारखा त्यात जातात.

मतदार यादी फुकट मिळते. भाडेकरूचं नाव डोंबिवलीच्या यादीत गेलं असेल, तर त्या पानाची छापील प्रत ठेवा. शिधापत्रिकेच्या पत्त्यासाठी शिधावाटप कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. शुल्क दहा रुपये, पानाला दोन रुपये. खासगी माहिती म्हणून नकार येऊ शकतो. तसा आला, तरी पुढे कोर्टामार्फत तेच मागवता येतं.

फुकट आणि फार मोलाची वस्तू अनेकदा मालकाच्याच कपाटात पडलेली असते. भाडं मनीऑर्डरने येत असेल तर कुपनावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो. ‘खोली क्रमांक १४, दुसरा मजला’ असं पावतीवर आणि कुपनावर मात्र विरार पूर्व, तेही ओळीने दोन वर्षं. अशी कुपनं फेकू नका. बँकेतून भाडं येत असेल तर शाखेचं नाव थोडंफार सांगतं, पण तेवढ्यावर भिस्त ठेवू नये. टपालाचंही तसंच. तुम्ही त्या खोलीच्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र ‘दार बंद’ शेरा घेऊन परत आलं तर पाकीट न फोडता जपा. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्टाची पावती आणि वितरणाचा तपशील दोन्ही ठेवा.

फोटो काढणं स्वस्त आहे, सिद्ध करणं नाही. मोबाइलमधले फोटो, सीसीटीव्हीचं चित्रण कोर्टात द्यायचं तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. त्यात तुमच्याबरोबर तज्ज्ञाचाही भाग असतो आणि तज्ज्ञ फुकट सही करत नाही. सीसीटीव्हीचं चित्रण तर थोड्याच दिवसांत पुसलं जातं, वेळीच उतरवून घ्या. महिन्यातून एकदा, त्याच दाराचा, त्याच कोनातून घेतलेला फोटो पुरे. पन्नास फोटो म्हणजे उलटतपासात पन्नास प्रश्न.

शेजाऱ्याची साक्ष कागदापेक्षा वजनदार, मिळायला मात्र सगळ्यात अवघड. चाळीत उद्या आपलीही पाळी येईल म्हणून लोक साक्षीला कचरतात. दूधवाला, पेपरवाला, जिना झाडणारी बाई यांना विचारून बघा. पण पैसे देऊन साक्षीदार उभा करू नका. उलटतपासात तो पंधरा मिनिटांत कोसळतो आणि खऱ्या पुराव्यालाही घेऊन बुडतो.

मालकाला जागा तपासण्याचा हक्क भाडे कायद्याचं कलम २८ देतं. आधी कळवून, सोयीच्या वेळी. तेव्हा आत काय आहे ते बघता येतं: चूल आहे की नाही, नळाला पाणी आहे का, भिंतीवरचं कॅलेंडर कोणत्या वर्षाचं. पण तपासणीची सूचना हाही इशाराच, म्हणून ती कधी द्यायची हे वकिलाशी ठरवा. कोर्ट आयुक्त नेमून पाहणी करून घेता येते, त्याची फी कोर्ट ठरवतं आणि मागणाऱ्याने भरायची. मात्र तुमच्या वतीने पुरावा जमवायला आयुक्त नेमण्यास कोर्टं सहसा तयार नसतात.

कोर्टाची फी आणि वकिलाची फी

मुंबईत हा दावा लघुवाद न्यायालयात, म्हणजे धोबीतलावला किंवा वांद्रे शाखेत लावायचा. पुण्यातही लघुवाद न्यायालय आहे. जिथे ते नाही, तिथे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. फी बाजारभावावर नव्हे, वर्षाच्या भाड्यावर मोजतात. महिना दोनशे रुपये भाडं म्हणजे वर्षाचे चोवीसशे. कोटीच्या जागेच्या दाव्यालाही फी काहीशे रुपयांत आटोपते. कोर्टात सादर करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांकही लागत नाही. कोणी ‘स्टँपचे’ म्हणून हजारो मागत असेल तर पावती मागा.

वकिलाच्या फीला दरपत्रक नाही. ठाण्यातला तरुण वकील अख्खा दावा पन्नास-साठ हजारांत घेईल आणि मुंबईतला नावाजलेला वकील तेवढे एका उलटतपासाला मागेल. फरक एवढा असताना ‘किती घ्याल?’ हा प्रश्नच अपुरा. फी अख्ख्या दाव्याची की तारखेगणिक? मसुदा, पुरावा आणि युक्तिवाद यांचे वेगळे पैसे आहेत का? उलटतपास स्वतः घेणार की कनिष्ठ वकील? अपील झालं तर नवी फी किती? टायपिंग, झेरॉक्स, कारकुनाचा खर्च कोणाचा? हे कागदावर घ्या. तारखेगणिक फी कमी वाटते, पण ज्या दाव्यात तारखाच जास्त, तिथे ती फसवी. मी मालकाच्या जागी असतो तर टप्प्याटप्प्याने एकरकमी ठरवली असती आणि शेवटचा मोठा हप्ता युक्तिवादानंतर ठेवला असता.

मालक परदेशी असेल, आणि न्यू जर्सी-दुबईत असे मराठी घरमालक पुष्कळ आहेत, तर कुलमुखत्यारपत्र लागेल. ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून इथे आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरून घ्यावा. पण मुखत्याराने दाव्यावर सही केली तरी मालकाच्या स्वतःच्या माहितीतल्या गोष्टींची साक्ष तो देऊ शकत नाही. जानकी भोजवानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. साक्षीसाठी विमानाचं तिकीट किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा अर्ज, यांपैकी एक खर्च गृहीत धरा. चाळीत रोज ये-जा असलेल्या भावाला किंवा व्यवस्थापकालाच साक्षीदार केलं तर आणखी बरं.

बंद दारावर समन्स

समन्स बजावायला बेलिफ जातो तो त्याच बंद खोलीवर. दार बंद, तो शेरा मारून परत. मग दारावर चिकटवायचं, मग वर्तमानपत्रात जाहीर समन्स. या जाहिरातीचे पैसे वादीला भरावे लागतात आणि मोठ्या दैनिकात ते हजारांत जातात. काही मालकांना वाटतं की बरंच झालं, भाडेकरू येणार नाही, एकतर्फी निकाल मिळेल. मिळतोही. मग दोन वर्षांनी भाडेकरू येतो, ‘यांना माझा डोंबिवलीचा पत्ता माहीत होता, तरी मुद्दाम खोलीचाच दिला’ म्हणतो आणि निकाल रद्द होऊन दावा पुन्हा पहिल्या पानावर. म्हणून दाव्यात दोन्ही पत्ते द्या. नव्या पत्त्यावर समन्स लागलं तर तो तिथे राहतो याचाही पुरावा आयताच तयार.

भाडेकरूची बाजू, आणि तिची किंमत

भाडेकरूलाही हे वाचायला हवं. वाजवी कारण म्हणजे काय याची यादी कायद्यात नाही. दीर्घ आजार, दवाखान्याजवळ राहण्याची गरज, काही काळाची बदली, इमारत धोकादायक झाल्याने महापालिकेने रिकामी करायला लावणं, मालकाने दुरुस्ती न केल्याने छत गळणं, ही कारणं सांगता येतात. कागद असेल तर टिकतात. २०२० च्या टाळेबंदीतले महिने मोजून दावा लावणाऱ्यांना फारसं काही हाती लागायचं नाही. धंदा बुडाला म्हणून गाळा बंद, हे कारण दरवेळी चालेलच असं नाही. केरळच्या कायद्याखालच्या डनलॉप खटल्यात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी आजारी असल्याची सबब मान्य केली नाही.

राहत्या जागेत कुटुंबातलं कोणी राहत असलं तरी तो वापरच. पण आठवड्यातून एकदा कुलूप काढून दिवा लावणं, जुनं कपाट आणि गादी ठेवणं याला राहणं म्हणत नाहीत. दूरच्या नातेवाइकाला किंवा मित्राला बसवलं, तर पोटभाडेकरू ठेवल्याचा दुसरा दावा ओढवून घ्याल. बदलीवर जात असाल तर मालकाला पत्र लिहून कारण आणि परतण्याचा अंदाज कळवा, पोच घ्या. चाळीस-पन्नास रुपयांच्या टपालात मोठा बचाव होतो.

पैसा कुठे फिरतो

दावा जिंकला की जिल्हा न्यायालयात, मुंबईत लघुवाद न्यायालयाच्याच अपील पीठापुढे, तीस दिवसांत अपील. त्यापुढे उच्च न्यायालय. सगळं मिळून दहा वर्षं गेली तरी कोणाला नवल वाटत नाही, आणि त्या दहा वर्षांचं दोनशेच्या दराने भाडं चोवीस हजार.

पण पहिल्या निकालानंतर चित्र बदलतं. आत्माराम प्रॉपर्टीज खटल्यात २००४ च्या डिसेंबरात आणि महाराष्ट्र शासन विरुद्ध सुपरमॅक्स खटल्यात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ताब्याच्या हुकूमनाम्याला स्थगिती हवी असेल तर भाडेकरूला हुकूमनाम्याच्या तारखेपासून बाजारदराला धरून वाजवी मोबदला भरायला लावता येतो. म्हणजे दोनशे रुपयांची खोली स्थगितीच्या काळात महिना दहा-पंधरा हजारांची होऊ शकते. राहणाऱ्या भाडेकरूला हे जड जातं, आणि जो तिथे राहतच नाही त्याला तर कुलपासाठी एवढे मोजणं परवडत नाही. तेव्हा अपिलात पहिल्याच तारखेला असा मोबदला मागणारा अर्ज द्या. सोबत इस्टेट एजंटचं पत्र नको, आसपासच्या नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करारांच्या प्रती जोडा.

तडजोड बहुधा याच टप्प्यावर होते. पागडीत भाडेकरूने खोली दुसऱ्याला दिली तर मालकाला साधारण तिसरा हिस्सा देण्याचा रिवाज आहे, आणि भाडे कायद्याच्या कलम ५६ ने असे व्यवहार कायदेशीर ठरवले. त्यामुळे मालकालाच खोली परत घ्यायची असेल तर भाडेकरू उरलेल्या दोन हिश्श्यांपासून बोलणी सुरू करतो. पुरावा दाव्यात दाखल झालेला असेल तर आकडा खाली येतो. किती, हे तुमच्या विजेच्या बिलांवर अवलंबून. तडजोड बाहेरच्या कागदावर नको. कोर्टात सहमतीच्या अटी दाखल करा, भाडेकरूच्या सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, पैसे धनाकर्षाने आणि चावीच्या बदल्यात द्या. लोकअदालतीत मिटलं तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. काहीशेच असली तरी.

घाईने कुलूप तोडणारा मालक मात्र सगळ्यांत जास्त पैसे घालवतो. भाडेकरू सहा महिन्यांच्या आत विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली ताबा परत मागू शकतो. त्या दाव्यात जागा कोणाची हा प्रश्नच येत नाही, आणि फौजदारी तक्रार वेगळी. वीज-पाणी तोडणंही भाडे कायद्याच्या कलम २९ ने बंद केलं आहे.

निकाल अंतिम झाल्यावरचा खर्च लोक धरतच नाहीत. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची दरखास्त, तिची वकिलाची फी, बेलिफाचं शुल्क, गरज पडली तर पोलीस बंदोबस्ताचे पैसे, कुलूपवाला. आत निघालेल्या सामानाचा बेलिफासमोर पंचनामा, हमाल, टेम्पो, आणि भाडेकरू न्यायला आला नाही तर ते ठेवायची सोय. ताबा पावतीवर बेलिफाची आणि पंचांची सही झाल्याशिवाय तिथून हलू नका. स्वतःचं नवं कुलूप त्याच दिवशी लावा आणि वीजजोडणी आपल्या नावावर करण्याचा अर्ज दुसऱ्या दिवशी द्या. जुन्या बिलाची थकबाकी निघाली तर तीही बहुतेक तुम्हालाच भरावी लागेल.